सुभेदारानं दिलेला चौथा दिवस

आगगाडीची शिटी झाली तेव्हा धाकूचा छकडा कल्याण स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर होता, आणि त्याचा बैल सुभेदार भर रस्त्यात उभा राहून शेण टाकत होता. हे काम तो चालता चालता कधी करत नसे. थांबून, चारी बाजूंना बघत, सावकाश करी. छकड्यात शकू बसली होती आणि तिला ठाण्याला न्यायला आलेला तिचा सासरा दौलत बसला होता. दोघांच्या डोळ्यांदेखत गाडी धूर सोडत निघून गेली.

"बैल हाय का देवलातला नंदी?" दौलत म्हणाला.

गाडी चुकायची महिन्यातली ही चौथी खेप. पुढची गाडी रात्री, आणि रात्रीचं सुनेला घेऊन कोण निघतो? छकडा परत गावाकडे, मानपाड्याला वळवावा लागला. घराकडे तोंड होताच सुभेदार असा पळत सुटला की दौलतचं पागोटं उडालं. शकूनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, तिचे खांदे गदगदत होते. धाकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्यापायी पोर रडतेय, आता सासरी गेल्यावर हिला बोलणी खावी लागणार.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत धाकू मिठागरात राबत होता. पायांना भेगा पडल्या, त्यात मीठ शिरलं, तेव्हा त्यानं ठरवलं, आता पुरे. गावातली माणसं कल्याणपर्यंत चालत जात. त्यांना छकड्यात बसवून नेलं तर? पाय धड असताना पैसे देऊन कोण बसेल म्हणून गाव हसलं. आणि मग तेच गाव बसलं. धंदा बरा चालला. तो बघून गावातल्याच परशुरामानं दमणी, दोन बैलांची हलकी गाडी, घेतली, तिथं सगळं फिसकटलं. परशुरामाचे बैल आगगाडीच्या आधी पोचत. सुभेदार नंतर.

पण धाकू चिवट गडी. त्यानं बैलाला गूळ चारला, शिंगं रंगवली, गळ्यात नवी घुंगरं बांधली. तासभर आधी निघूनही पाहिलं, तर सुभेदार वाटेतल्या तळ्यात जाऊन तासभर बसला. छकड्यासकट. चाबूक तेवढा धाकूनं कधी उगारला नाही. ते त्याला जमतच नसे.

शेवटी त्याची बायको ठमाबाई म्हणाली, "म्हशाची गुरांची जत्रा आलीय. बैल इकून टाका नि चला परत मिठागराव."

"जरा दम धर ना."

"किती धरू? आपल्या शालूला न्यायला परवा जावई येनार. मी परशुरामाची गाडी सांगून ठेवलीय. छकडा आपल्या दारात नि लेक दुसऱ्याच्या गाडीत. लाज वाटते मना."

हे मात्र धाकूला लागलं. भात झोडून झालं होतं, मिठागरं सुरू व्हायची होती. या मधल्या दिवसांतच गावोगावच्या लेकी तीन-चार दिवस माहेरी येत. परत जाताना त्यांना स्टेशनापर्यंत माहेरच्यांनी ठरवलेल्या गाडीतूनच पोचवायचं, हा रिवाज. परशुरामाला उसंत नव्हती. शकूसुद्धा त्याची दमणी मोकळी नव्हती म्हणून धाकूच्या वाट्याला आली होती.

जत्रेच्या दिवशी सकाळी धाकूनं भाकरीला हात लावला नाही. सुभेदाराच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, दावं सोडलं. उद्यापासून पुन्हा मिठागर. पायांचं काही नाही, पण हा गोठा रिकामा बघवणार नाही, एवढंच त्याच्या मनात येत होतं. सुभेदार निवांत रवंथ करत होता.

दावं हातात घेऊन तो वळतो तर अंगणात शकूची आई शेवंती उभी. तिच्यामागे आणखी पाच-सहा बाया. भांडायला आल्या, धाकूनं ओळखलं. त्यानं मान खाली घातली.

"शेवंतीबाय, माफ कर. माज्यापायी तुज्या पोरीची गाडी चुकली. चाललोय बैल इकायला."

"इकलास तर बघ," शेवंती म्हणाली. "या साऱ्यांच्या पोरी या आठवड्यात सासरी जायच्यात. सगल्यांना तुजाच छकडा पायजे. परशुरामाला देतो त्याच्या दुप्पट देऊ."

धाकू पडला सरळ माणूस. गिऱ्हाईक दारात आलं तरी खोटं बोलवेना.

"बाय, पन या बैलावर गाडी चुकते."

"म्हनून तर आलोय. शकूच्या सासऱ्यानं तीन दिवस दिले व्हते. चवथा तुज्या बैलानं दिला. त्या राती पोर माज्या कुशीत झोपली. छकड्यात काय ती रडत नव्हती रे. हसू दाबत व्हती."

धाकू आ वासून सुभेदाराकडे बघत राहिला. दोन वर्षं ज्या खोडीवर तो औषध शोधत होता, तिलाच गिऱ्हाईक आलं होतं.

ठमाबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली. तिनं धाकूच्या हातातलं दावं काढून घेतलं, बैल पुन्हा खुंट्याला बांधला आणि त्याच्यापुढे पेंढ्याचा मोठा भारा टाकला.

"आता उभं काय ऱ्हायलाव?" ती म्हणाली. "जा, पयले परशुरामाला सांगून या. शालूला त्याची गाडी नको."