जरूर पधारजो

"पत्रिका उघडू नका, जिजामावशी. व्हायरस आहे तो." योगिनी क्षणभर थांबली. "नाही हो. आमच्याकडे लग्न नाही."

दुपारपर्यंतचा हा बाविसावा फोन.

शहरातल्या वासणा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर नंबरांची जुनी वही उघडी होती. समोर तिचे वडील, दिनकरराव, बंद केलेला मोबाइल दोन्ही हातांत धरून बसले होते. सकाळी त्यांना त्यांचे जुने स्नेही हिंमतराव यांच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका आली आणि त्यांनी ती उघडली. तासाभरात तीच पत्रिका त्यांच्या नंबरवरून सगळ्या गोताला गेली. खाली गुजरातीत एक ओळ: अमारे त्यां लग्न छे, जरूर पधारजो. आमच्याकडे लग्न आहे, जरूर या.

मग अभिनंदनाचे फोन सुरू झाले. त्या घरात लग्न व्हायचं राहिलेलं माणूस एकच होतं.

योगिनीने सिमकार्ड काढलं, बँकेला कळवलं. ते पटकन झालं. माणसं उरली. कोणी ती पत्रिका उघडायच्या आत त्यांना गाठायचं होतं. वही तिच्या आईच्या अक्षरातली होती. अ पासून सुरुवात करून ती आता ज वर आली होती. सुरुवातीला ती सगळं समजावून सांगायची. आता तीन वाक्यांत आटपत होतं. तिसरं वाक्य आलं की दिनकरराव खाली बघत, म्हणून ते ती गॅलरीकडे तोंड करून म्हणायची.

मध्येच शहरातल्याच मांडवी भागातून हिंमतरावांचा फोन आला. "बेटा, माफ कर. माझ्याच फोनातून आलं ते तुमच्याकडे. इथे तर आमच्या अनुजचं दुसरं लग्न लागलं. सूनबाई सकाळपासून रुसून बसलीये."

योगिनीला हसू आलं. दिनकररावांना आलं नाही.

"बाबा, फोनने विचारलं नव्हतं का? धोका आहे, तरी पुढे जायचं का म्हणून?"

"विचारलं ना. तीनदा विचारलं."

"मग?"

"हो केलं तिन्ही वेळा." त्यांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. "लग्नाच्या पत्रिकेला नाही कसं म्हणायचं?"

त्यांच्यापुढचं ताट तसंच होतं. तिने आमटी उचलून परत गरम करून आणली आणि पुढचा नंबर लावला.

न वर आल्यावर मात्र अडलं. शहरातल्याच अकोटा भागातल्या नलिनीकाकू फोन उचलेनात. ऐंशीच्या पुढच्या, घरात एकट्या. दोनदा, तीनदा रिंग वाजून बंद झाली. चौथ्यांदा आवाज आला.

"कोण, योगिनी? अगं, शंभर वर्षं आयुष्य आहे तुला. तुझीच पत्रिका घेऊन बसलेय. काहीतरी विचारतंय बघ हे, हो का नाही म्हणून. चष्मा सापडेपर्यंत थांब म्हटलं त्याला."

"काकू, काही दाबू नका."

"का गं?"

योगिनी गॅलरीकडे वळली. तिसरं वाक्य तोंडाशी तयार होतं.

"तुझ्या आईला शब्द दिला होता मी," काकू म्हणाल्या. "दवाखान्यात. म्हटलं, मोहना, तू नसलीस तरी पोरीचं पहिलं केळवण माझ्या घरी. आज पत्रिका दिसली, उठले आणि आधी देवापुढे साखर ठेवली. आता पुरण काही माझ्यानं वाटवत नाही बाई. श्रीखंड-पुरी चालेल ना तुला?"

खाली सोसायटीत कोणीतरी स्कूटर चालू करत होतं. चालू होत नव्हती.

"काकू, ऐका. नाही असं लिहिलंय ना, त्यावर बोट ठेवा."

"नाहीवर? शुभकार्यात?"

"फोनवरची पत्रिका खरी धरायची नाही, काकू."

"हे मात्र बोललीस बरोबर. अक्षता घेऊन माणसानं दारात यायला हवं. थांब." बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "ठेवलं बोट. गेलं. आता काळं-काळं दिसतंय."

"आता ती पुसायला मी येते. तोवर फोनला हात लावू नका."

"लावत नाही. पण येणार कधी? केळवणाचा दिवस सांग. मला दही बांधायला लागेल आदल्या रात्री."

योगिनीने गॅलरीच्या गजावर कपाळ टेकवलं. गज तापलेला होता.

"रविवारी येते," ती म्हणाली.

आत येऊन तिने वहीत नलिनीकाकूंच्या नावापुढे बरोबरची खूण केली. पेन जरा जोरात दाबलं गेलं.

"वाचल्या का नलिनीवहिनी?" दिनकररावांनी विचारलं.

"वाचल्या. उघडली नाही त्यांनी."

"सांगितलंस ना त्यांना?"

"रविवारी केळवणाला बोलावलंय."

दिनकरराव तिच्याकडे बघत राहिले. आमटी पुन्हा गार झाली होती.

"आणि तू हो म्हणालीस?"

"केळवणाला नाही कसं म्हणायचं, बाबा?"

तिने पान उलटलं. पुढचं अक्षर प होतं. तिने नंबर लावला, गॅलरीकडे तोंड केलं.

"हॅलो, प्रतापकाका? पत्रिका उघडू नका. व्हायरस आहे तो." ती थांबली. "नाही हो, काका. आमच्याकडे लग्न नाही."