ओलीस ठेवलेली चाल

संगणकाच्या पडद्यावर पुन्हा तेच आलं : सॉफ्टवेअरच्या परवान्याची मुदत संपली. क्लोटिल्डानं टेबलावर हात आपटला. घानातल्या जिरापाचं हे छोटं रेडिओ केंद्र तीच चालवते. भिंतीपलीकडच्या अंगणात तिच्या वडिलांचं शेवटचं क्रियाकर्म चाललं होतं. वादक लाकडी पट्ट्यांचे काष्ठतरंग मांडून, हातात काठ्या घेऊन बसले होते. म्हाताऱ्याची खास चाल वाजवून त्याला निरोप द्यायचा होता. पण तो होता तोवर ती कुणी शिकून घेतली नाही. आता ती मुद्रित होऊन फक्त ह्या संगणकाच्या डब्यात होती, आणि सूर्य मावळला की कर्म आटोपणार.

"परवान्याचा नवा क्रमांक अक्राहून सोमवारी येईल," अकोल्गो म्हणाला. हे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा तो माणूस. "आज शनिवार. मी तरी काय करू, मॅडम?"

"मोकळं सॉफ्टवेअर घ्या म्हणून माझा घसा सुकला," केंद्राचा तंत्रज्ञ झिएम उसळला. "ते उघडून बघता येतं, दुरुस्त करता येतं, शेजाऱ्याला देता येतं. ह्याचं म्हणजे भाड्याचं घर. मालक किल्ली घेऊन पसार, आपलं सामान आत!"

"आणि तुझं ते मोकळं लिहिणारे काय हवा खाऊन जगतात? बिघडलं तर कुणाच्या दारात रडशील? आमच्याकडे निदान दार तरी आहे."

"आहे ना. सोमवारी उघडणारं."

"भांडा, भांडा!" क्लोटिल्डाचा आवाज फाटला. "तिकडे ऊन उतरलंय."

अकोल्गो वरमला. त्याच्या लॅपटॉपवर तेच सॉफ्टवेअर धडधाकट चालत होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. पण ते गिऱ्हाइकांना दाखवण्यापुरतं. त्यातून कुणाला काही काढून दिलं, तर नोकरीवर गदा.

झिएम एकदम हसायला लागला. "मॅडम, अहो हा फ्राफ्रा आहे! आणि आपण दगाबा!"

दगाबा आणि फ्राफ्रा या इथल्या दोन जमाती म्हणजे थट्टेचे भाऊ. कुत्र्याचं डोकं कुणी खायचं यावरून आमची पिढ्यानपिढ्या जुंपलेली, आणि रागवायची दोघांनाही बंदी. आम्हा दगाबांकडे कुणी वारलं की फ्राफ्रानं यायचं, गेलेल्याची एखादी वस्तू बळकावून अडून बसायचं, खंडणी मागायची. खंडणी मिळाली की वस्तू मुकाट्यानं परत. तिथे नाही म्हणायची सोय नाही, कंपनीची माणसं झाली म्हणून काय झालं!

"वस्तू तर तू आधीच पळवली आहेस, चोरा," झिएम म्हणाला. "खंडणी बोल."

अकोल्गो बघतच राहिला. मग त्याच्या तोंडभर हसू पसरलं. त्यानं जमिनीवर फतकल मारली आणि अंगणात ऐकू जाईल असा ओरडला, "कुत्र्याचं डोकं आणा! त्याशिवाय म्हाताऱ्याला सोडत नाही!"

क्लोटिल्डा धावत गेली आणि कालवणातलं गिनी कोंबडीचं डोकं घेऊन आली. "घे. लहान आहे, पण डोकंच आहे. फ्राफ्राला एवढं पुरे."

"सोमवारी साहेबांनी विचारलं तर सांगेन, खंडणी खाल्ली होती," म्हणत अकोल्गोनं केंद्रातली फाइल आपल्या लॅपटॉपवर उघडली.

झिएमनं चाल आपल्या यंत्रात घेतली आणि कर्णा अंगणाकडे वळवला. म्हातारा वाजू लागला. आधी एका वादकाची काठी हळूच पट्टीवर पडली, मग दुसऱ्याची. बघता बघता अंगण त्याच्याबरोबर वाजायला लागलं. क्लोटिल्डा रडत होती आणि हसतही होती.

शेवटी म्हाताऱ्याचा आवाज आला. "ही चाल माझी नाही बरं का. बोलगाच्या बाजारात एक फ्राफ्रा दोन तारांवर वाजवत होता. त्यानं फुकट शिकवली. म्हणाला, वाजव, बदल, पोरांना दे, फक्त माझं नाव घेत जा." म्हातारा खोकला. "नाव विसरलो. फ्राफ्रांची नावं कोण लक्षात ठेवतो?"

अंगणात हशा फुटला. चाल जपून ठेवताना झिएमच्या पडद्यावर चौकट आली : चाल कुणाची?

"सरक," अकोल्गो म्हणाला. एका हातात कोंबडीचं डोकं धरून त्यानं दुसऱ्या हाताच्या एका बोटानं टाइप केलं : एका फ्राफ्राची. वाजवा, बदला, पोरांना द्या.