परक्या ग्रहावरचा ग्रॅनाइट

"काही दिसलं का त्या ग्रहावर, की नुसतेच डोळे फोडून घेताय?" धाकट्या जावेनं विचारलं.

थोरलीनं पडद्यावरून मान वळवली नाही. "दिसेल तेव्हा सांगेन."

दोघी एकाच घरात नांदत होत्या आणि एकाच संस्थेत दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचे खडक अभ्यासत होत्या. घरी चूल एक, पण दोघींची तोंडं दोन दिशांना. त्यातून संचालक महिन्याभरात निवृत्त होणार होते आणि ती खुर्ची दोघींपैकी एकीलाच मिळणार होती.

संस्थेत एक रीत होती. तापलेल्या खडकांचा उजेड दुर्बिणीतून आला की एकीनं त्यात गुपचूप खोटी खूण मिसळायची, किंवा मिसळायची नाही. जे केलं ते लिहून बंद लखोटा संचालकांकडे द्यायचा. दुसरीनं निष्कर्ष जाहीर केला की मगच तो फोडायचा. तपासणारी फसते का, ते त्यात कळे.

यंदा पाळी धाकटीची होती. तिनं नऊ मायक्रॉन तरंगलांबीच्या उजेडात ग्रॅनाइटची खूण बेमालूम मिसळली. ग्रॅनाइट पाण्यावाचून घडत नाही, म्हणजे शोध मोठाच ठरणार. लखोट्यात मात्र तिनं लिहिलं, 'काहीही मिसळलेलं नाही.' पंधरा दिवसांनी दुसरी दुर्बीण त्याच ग्रहाकडे वळणार होती. त्या दुर्बिणीला ग्रॅनाइट दिसणार नाही, आणि खूण थोरलीनंच घुसडली असं जग म्हणेल.

चार दिवस झाले तरी थोरली गप्पच. धाकटीला दम निघेना.

"नऊ मायक्रॉनपाशी बघितलंत का, जाऊबाई? की तेवढंही मीच दाखवू?"

"तिथंच का गं?"

"सुचलं आपलं. तुम्हाला नाही सुचत, त्याला मी काय करू?"

"खरंय बाई," थोरली हळूच म्हणाली आणि चष्मा पुसू लागली.

सोमवारी सगळी संस्था सभागृहात जमली. थोरलीनं आलेख दाखवला. "ग्रॅनाइट आहे," एवढंच म्हणाली. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली.

संचालकांनी लखोटा फोडला. "काहीही मिसळलेलं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात धाकटी वाजवत होती.

थोरलीनं हात वर केला. "माझं कौतुक नको. कुठं बघायचं ते हिनंच सांगितलं, मी फक्त रेघा ओढल्या. लेखावर हिचं एकटीचंच नाव जाऊ दे."

लोक उठून धाकटीकडे धावले. कुणी हात हातात घेतला, कुणी पाठ थोपटली. संचालकांनी तर तिला हाताला धरून व्यासपीठावर नेलं.

"जाऊबाई, असं कसं?" ती हात सोडवून घेत म्हणाली. "मेहनत तुमची..."

थोरलीनं तिला जवळ घेतलं आणि कानाशी पुटपुटली, "ग्रॅनाइट तुझा, मग नावही तुझंच नको का?"