पाच वर्षं टिकलेला ट्रॅक्टर

कौसल्याबाई गव्हाणे स्टेजवर चढल्या तेव्हा ट्रॅक्टरचे डीलर मुनोतशेठ माइकवर सांगत होते, "या ताईंच्या गोठ्यात चाळीस म्हशी. आमच्या छोट्या ट्रॅक्टरला पुढं लोडर लावून रोज सगळं शेण त्याच्यावरच उचलतात. पाच वर्षं झाली, अजून दणकट! ताई, आता तुम्हीच सांगा."

बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती आणि शेठनी तर घरी गाडी पाठवून मानानं बोलावलं होतं. त्या जरा घुटमळल्या.

"ट्रॅक्टर चांगलाच आहे," त्या म्हणाल्या. "पुढचा एक्सल तेवढा तीनदा मोडला. लोडर भरून उचलला की सगळं वजन त्याच्यावरच येतं ना! मग चाकाचं बेअरिंग गेलं, हायड्रॉलिक पंप गेला, क्लच दोनदा बदलला. बॉनेट मात्र अजून कंपनीचंच आहे."

मंडपात हशा पिकला. शेठनी हसत हसत माइककडे हात नेला, पण बाईंची भीड आता चेपली होती.

"टिकवला तो आमच्या यासीन मिस्त्रींनी. ते बघा, मागं बसलेत."

कार्यक्रम संपला. बुकिंगच्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. सगळे मिस्त्रींचा नंबर घ्यायला धावले. गर्दी ओसरल्यावर मुनोतशेठ हळूच त्यांच्याजवळ आले.

"मिस्त्री, उद्या शोरूमला याल का?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "लोकांना चालवून दाखवायचा ट्रॅक्टर आहे ना, त्याचा एक्सल सकाळीच मोडलाय."