मौनाचा सोमवार

"ह्या पेटीत मला चक्कर आली, तर ह्या हंगामापासून सुकान तुझं," शांताराम तांडेल पोराला म्हणाला. "नाय आली, तर पुन्हा तो विषय काढायचा नाय."

"डन, बाबा!" जितेशने बापाच्या हातावर टाळी दिली.

तांडेलाची बायको यमुना दोघांच्या मधोमध उभी होती. तिला विचारायची सोय नव्हती. आज सोमवार, तिच्या मौनाचा. सकाळच्या दिव्यापासून सांजदिव्यापर्यंत शब्द नाही. नवरा पाण्यावर जातो म्हणून धरलेलं व्रत; पावसाळ्यात बोटी अर्नाळ्याच्या वाळूत ओढलेल्या असत, तरी तिने ते कधी सोडलं नव्हतं. बोटी पुन्हा पाण्यात जायला आता आठ दिवस उरले होते. शिमग्यानंतर एकदा तांडेलाला सुकाणूवरच अंधारी आली होती आणि बोट रेतीच्या दांड्यावर चढली होती. ऊन लागलं, असं त्याने गावात सांगितलं होतं.

नातीच्या वाढदिवसाला सगळे हायवेलगतच्या पार्कात आले होते. वाढदिवसाची उन्नती शाळेला दांडी मारून आलेली. आत्ताच बापाबरोबर, जितेशबरोबर, पडद्यावर समुद्र दाखवत हलणाऱ्या त्या दोन खुर्च्यांच्या पेटीतून उतरली होती आणि झोकांड्या खात हसत होती. "आजी, एकदम खरा दर्या! वादळपण आहे!"

पेटी चालवणारी डायना नंदाखाल गावची. पट्टे बांधता बांधता ती पाठ केल्यासारखं सांगत होती. "पोटात ढवळलं तर डोळे मिटा. फारच झालं तर हात वर करा, मी बंद करते." मग तिचं लक्ष तांडेलाच्या रापलेल्या मनगटांकडे गेलं. "काका, बोटीवर असता? मग जास्त सांभाळा. माझे मामा पाचूबंदरला बोटीवरच असतात, त्यांना इथे चांगलीच लागली."

"दर्यावरच्या मानसाला बोट लागते होय!" तांडेल हसला.

दार लागलं. तांडेलाशेजारच्या खुर्चीत बसलेल्या यमुनाने डोळे मिटले. खुर्ची मागे कलली, मग धाडकन पुढे. वारा सुटला की ती देव्हाऱ्यापुढे बसे, तशीच ती आत्ता बसली. एका हिसक्याला देवीचं एक नाव. पोटातलं पाणीही हललं नाही.

शेजारचा श्वास बदलला, तेव्हा तिने डोळे उघडले.

तांडेल पडद्याकडे टक लावून बघत होता. पाण्यावर डोळे मिटायची त्याला सवयच नव्हती. मळमळलं तर लांबच्या रेघेवर, आभाळ नि पाणी मिळतं तिथे नजर ठेवायची, हे त्याने किती पोरांना शिकवलं असेल. तीच रेघ तो शोधत होता. इथे ती रेघच वरखाली होत होती. त्याच्या कपाळावर घाम डवरला होता, ओठ पांढरे पडले होते.

तिने त्याचा हात धरून वर उचलायला घेतला. त्याने जोर करून तो खुर्चीवर दाबून धरला.

मग तिने नव्या पातळाचा पदर त्याच्या तोंडाखाली पसरला.

दार उघडलं. यमुना पदराचा बोळा पोटाशी धरून खाली उतरली. जितेशने नाक आखडलं. "आये! तुला लागली? तरी म्हनत होतो, उपाशीपोटी बसू नकोस." मग बापाकडे वळून त्याने कोपरापासून हात जोडले. "मानलं, बाबा. सुकान तुमचंच. मी हरलो."

"आजोबा जिंकले!" उन्नतीने टाळ्या पिटल्या.

"हां," तांडेल म्हणाला. त्याचा एक हात अजून दारावरच होता.

डायनाने आल्याची गोळी काढली. एकदा काकांकडे पाहिलं, एकदा काकूंकडे, आणि गोळी उन्नतीच्या हातावर ठेवली.

नळावर यमुना पदर चोळत होती. तांडेल मागे येऊन उभा राहिला.

"बोल की," तो हळूच म्हणाला. "मोड एक सोमवार. तुलाबी तेच पाहिजे ना, मी घरी बसावं?"

तिने पदर पिळला. मान हलवली नाही, ना होकाराला, ना नकाराला.

"नाय बोललीस, तर पोरगा हेच खरं मानंल."

तिने त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. सकाळी दिवा लावून झाला की ज्योत नीट धरली का ते बघते, तसं.

"आनि मौन धरलंस ते माझ्यासाठी," तो स्वतःशीच पुटपुटला. नळ तसाच वाहत होता. त्याने तो बंद केला.

"जित्या!" त्याने हाक मारली. "पदर हिचा होता. ओकारी माझी."

पॉपकॉर्नच्या पुड्यात गेलेला जितेशचा हात तिथेच राहिला. कोणी हसलं नाही. जितेशच घाईघाईने म्हणाला, "जाऊ दे ना, बाबा. मशीन आहे ती. मशीनचं काय धरून बसायचं..."

"शिमग्याला मशीन नव्हतं," तांडेल म्हणाला.

उन्नतीने मूठ उघडून आल्याची गोळी आजोबांपुढे धरली. त्याने ती घेतली.

परतताना जितेशने गाडीचं पुढचं दार उघडलं. जितेशच्या शेजारची ती जागा नेहमीची बापाची. तांडेल मागे यमुनाशेजारी जाऊन बसला. उन्नती उडी मारून पुढे. आगाशीच्या वळणावर त्याने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटून घेतले.

रस्त्याकडेच्या घरांतून दिवे लागत होते. यमुनाचं मौन सुटायची वेळ झाली होती. ओला पदर मांडीवर पसरून, जितेशच्या खांद्यावरून ती समोरचा रस्ता बघत राहिली.