रिकामे पाय

"आत बारा व्होल्ट येतायत, बाहेर शून्य," मुलगा म्हणाला आणि मीटरच्या दोन्ही तारा पुन्हा तिथेच टेकवून बघितल्या. शून्य ते शून्यच.

आई न्हाणीघरात घसरून पडली, तेव्हा वरच्या मजल्यावर कुणाला पत्ताही लागला नव्हता. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. आता आधाराशिवाय उठलात आणि पुन्हा पडलात तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून ही बेल. आईनं उशाशी बटण दाबायचं, वर वाजायचं. विकत आणू म्हणून सुनेनं सांगून पाहिलं. पण नवऱ्याकडे सुट्या भागांचा डबा होता, आणि डब्यापेक्षा मोठी हौस होती.

बेल होईपर्यंत सगळं घर आईच्या खोलीत उतरलं होतं. सून कपड्यांच्या घड्या इथेच घालायची, भाजी इथेच निवडायची. नातीची पुस्तकं पलंगाच्या पायथ्याशी. संध्याकाळी पत्ते, आणि आई खुशाल लबाडी करायची. रात्री सून खालीच गादी टाकायची आणि आईनं नुसती कूस बदलली तरी उठून बसायची. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"माझ्यापायी तुझे हाल गं," आई म्हणाली.

"तुमच्यापायी नाही, यांच्या बेलीपायी," सून म्हणाली.

बेलीला बाराचे पाच व्होल्ट करून देणारी आठ पायांची काळी चिप मुलानं दोनदा बदलली होती. नवीही ढिम्म. त्यानं बोर्ड आईच्या पांघरुणावर ठेवला आणि कपाळ चोळत बसला.

आईनं चष्मा लावून वाकून पाहिलं. "हे चार पाय असेच लोंबकळतायत होय रे?"

"ते रिकामे आहेत आई. लागत नाहीत."

"मी पलंगावरून पाय लोंबकळत ठेवले की ओरडतोस. याला बरं चालतं."

सून हसली. मुलगा मात्र हसला नाही. त्यानं मोबाइलवर चिपचं माहितीपत्रक उघडलं, बराच वेळ वाचलं आणि स्वतःच्याच डोक्यावर टपली मारली. चारातले तीन खरोखर रिकामे होते. चौथा पाय चिपला चालू हो म्हणून सांगणारा. त्याला वीज मिळाल्याशिवाय ती कामाला लागणारच नव्हती.

त्यानं केसाएवढी तार घेऊन तो पाय बारा व्होल्टला जोडला. मीटरवर पाच उमटले.

"म्हणजे सगळा खेळ या एवढ्याशा तारेचा?" आईनं विचारलं. त्यानं कौतुकानं बोट ठेवून दाखवलं, ही बघ, हीच. मग बोर्ड प्लॅस्टिकच्या डबीत घातला, झाकण लावलं आणि डबी उशाजवळच्या टेबलावर ठेवली.

आईनं बटण दाबलं आणि वरून नात ओरडली, वाजली म्हणून. सून मटकन खुर्चीत बसली. किती दिवसांनी तिनं मोकळा श्वास घेतला.

मग आवराआवर सुरू झाली. गादी गुंडाळली गेली, पुस्तकं वर गेली, भाजीची टोपली स्वयंपाकघरात. आईची नखं कापायची तेवढी राहिली होती, पण नेलकटर सापडेना. आत्ता तर इथेच होतं, सून म्हणाली. असेल कुठेतरी, नंतर बघ, आई म्हणाली, तू आधी जाऊन घटकाभर झोप.

"काही लागलं की नुसतं बटण दाबा हं आई. लग्गेच येते."

"हो गं बाई. जा तू निर्धास्त."

टीव्हीचा आवाज आईला नको म्हणून जाताना मुलानं दार ओढून घेतलं. जिन्यावरची पावलं वर वर गेली. वर एक दार लागलं. खोलीत दुपारचं ऊन तेवढं उरलं.

आईनं उशीखालून नेलकटर काढलं. डबी मांडीवर घेऊन झाकण उचकटलं, चष्मा सारखा केला आणि ती तार शोधून कट्‌कन तोडली. झाकण होतं तसं बसवलं.

मग बटण चांगलं जोर लावून दाबलं. वर काहीच वाजलं नाही. आईनं हुश्श केलं, संध्याकाळसाठी पत्ते उशाशी काढून ठेवले आणि उशीला टेकली.