कावळ्यांचा बंदोबस्त

कडी वाजवण्याआधी धाकट्याने कपाळावरचे रक्त रुमालाने टिपले. या खेपेस चोच भुवईच्या जेमतेम दोन बोटे वर लागली होती. समोरच्या तारेवर सातआठ कावळे अजून त्याच्या नावाने ओरडत होते. दार दादानेच उघडले.

"अर्ज आणलास ना?"

"आणलाय."

"ये. आणि दार लावून घे, नाहीतर तुझी वरात आत शिरायची."

धाकटा हसला. दादाची थट्टाही आताशा त्याला गोड लागत असे. त्याआधी दोन वर्षे दोघांत शब्द नव्हता.

कामगार वसाहतीच्या मागे भाजीपाल्यासाठी जमिनीचे बारा लहान तुकडे पाडलेले होते. त्यांत भावाभावांचे तुकडे शेजारी होते. धाकट्याच्या तुकड्यात दिवसभर ऊन आणि कोपऱ्यात पाण्याचा नळ. दादाच्या तुकड्यावर दुपारनंतर गोदामाची सावली. दादाने तीनदा अदलाबदल मागितली. दहा वर्षे खडे वेचून हाताने मऊ केलेली माती धाकट्याला सोडवेना. तिसऱ्या नकारानंतर दादाने बोलणे टाकले.

पुढे कावळ्यांनी उच्छाद मांडला. मक्याचे कोंब उपटले, मटाराच्या शेंगा फोडल्या, टोमॅटो टोचून टोचून नासवले. बुजगावण्याच्या डोक्यावर तर ते विसाव्याला बसत. दादा तंत्रशाळेत शिकलेला, टूलरूमचा फोरमन म्हणून निवृत्त झालेला आणि तुकडेवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याने काम रीतसर हाती घेतले. गोदामाच्या गच्चीवर जाळीचा मोठा पिंजरा उभा केला. वरती शिडीसारखे दांडे बसवले, मधली फट पट्टीने मोजून. कावळा पंख मिटून आत उतरे. बाहेर निघताना पंख पसरावे लागत, आणि तेवढी फट नसे. रोज पहाटे दादा गच्चीवर जाई, अडकलेल्यांच्या माना मुरगळी आणि आमिष म्हणून एक जिवंत ठेवी. बाकीचे कावळे कठड्यावरून पाहत राहत.

"कावळा माणूस विसरत नाही," सभेत त्याने बजावले होते. "म्हणून वर मी एकटा जाणार, तोंड झाकून जाणार. दुसरं कुणीही फिरकायचं नाही."

दीड महिन्यात तुकडे मोकळे झाले. त्याच आठवड्यात, भर थंडीत, दादा आपण होऊन धाकट्याच्या दारात उभा राहिला. हातात कागदात गुंडाळलेला नारिंगी रंगाचा जाड कोट होता.

"घे. सकाळी नळावर कुडकुडत असतोस."

कोट खांद्यात, बाहीत, कमरेत चपखल बसला. धाकटा अंगाने काटकुळा, दादा त्याच्या दुप्पट रुंद. धाकटा बायकोला म्हणाला, "बघ, न विचारता आणलाय. माझं माप अजून पाठ आहे त्याला." आणि तोंड धुण्याच्या निमित्ताने तो मोरीत गेला.

चार दिवसांत कावळे परतले. या वेळी ते पिकावर नव्हे, त्याच्यावर आले. तो फाटकातून आत शिरला की तारेवरून हाकाटी सुटे आणि पाचपन्नास जमत. एकदोनदा तो नुसत्या सदऱ्यावर गेला. तोवर त्यांनी चेहराही ओळखून ठेवला होता. जमलेले कावळे मग शेजारच्यांच्या मटारावर उतरत.

"खरं सांग, घरटं मोडलंस ना?" शेजारचा न्हावी विचारी.

"आईशपथ, एका पिसाला हात लावलेला नाही."

"मग आम्ही काय हेल्मेट घालून पाणी द्यायचं? तू घरी बस बाबा. भाजी आम्ही पोचवू."

मंडळाने ठराव केला. तुकडा सोडायचा, कुणाच्या नावे ते त्याने ठरवावे. दादा ठरावाच्या वेळी काही बोलला नाही. धाकट्याला तो भावाचा मोठेपणा वाटला. परक्याच्या घशात घालण्यापेक्षा दादाला द्यावा, असे त्यानेच घरी ठरवले. मजकूर मात्र दादाने लिहून दिला होता.

आता दादाने तो अर्ज ओळीवर बोट ठेवून वाचला, सही तपासली आणि शिक्का आणायला आतल्या खोलीत गेला. धाकट्याने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

वहिनी चहा घेऊन आली. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, कालच परतली होती. कोटाकडे पाहून ती थबकली.

"भाऊजी, हा तुमच्याकडे कसा?"

"दादानं दिला. नवा घेतला माझ्यासाठी."

"नवा कुठला?" तिने कोटाची काख उलटून दाखवली. "ही शिवण माझ्या हातची. हाच चढवून रोज पहाटे गच्चीवर जायचे कावळे मारायला. बटणं लागायची नाहीत, दोनदा काखेत फाटला."

आत शिक्का उमटल्याचा आवाज आला. धाकट्याने हातातला कप खाली ठेवला.

"तुम्ही काही म्हणाला नाहीत त्याला?"

"म्हटलं की! घेतला त्याच दिवशी म्हटलं, अहो, तुमच्या अंगाला होत नाही हा, दुकानात बदलून आणा. तर म्हणाले, राहू दे. माप बरोबर आहे."